आरसा कामात आहे

...आणि वर मलाच विचारतात, चष्म्याच्या दुकानात आरसा नाही म्हणून! आता काय सांगू? आहे ना आरसा. नाही कसा? पण कामात आहे! मध्यंतरी त्या शाळेच्या बाई आल्या, अख्खा वर्ग नुसत्या एका भुवईवर गप्प करणाऱ्या, नाकावर फ्रेम चढवून उभ्या राहिल्या. इकडे बघतात, तिकडे बघतात, शोकेसच्या काचेत वाकून बघतात, दाराच्या काचेत बघतात तर तिथे स्वतःच्या जागी पलीकडचा सायकल दुरुस्तीवाला दिसतो. शेवटी म्हणाल्या, "जरा आरसा द्या हो." म्हटलं, "बाई, आरसा कामात आहे." "कामात म्हणजे?" म्हटलं, "जेवायला बसलाय." निघून गेलं हो तोंडातून! परत कसं घेणार? बाईंनी फ्रेम काढून काउंटरवर ठेवली, मी गृहपाठ विसरून आल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

हसताय. हसा. तुम्हाला सांगतो, आरसा अडकलाय तो माशापायी, आणि मी मुळात माशांच्या भानगडीतला माणूसच नव्हे. मी काचेचा माणूस. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायची, कानामागे टोचत नाही ना असं विचारायचं, संपला विषय. मासे आणले ते भागीदारानं. आता हा भागीदार कोण, ते सांगायला हवं. आम्ही दोघांनी मिळून दुकान काढलं तेव्हा दोघांच्या डोक्यावर केस होते, आता दोघांच्याही नाहीत. उंची तीच, पोट तेच, खिशातला पेचकस तोच. आणि डोळ्यांवर तीच ती गोल काळी फ्रेम, कारण ती आम्ही एकदा मोठ्या हौसेनं खोकाभर मागवली आणि कुत्रं विचारेना, मग म्हटलं आपणच घालू, निदान जाहिरात होईल. जाहिरात कसली, गिऱ्हाइकं उलट ती फ्रेम ओळखून टाळायला लागली! काम त्याला सांगतात आणि भांडायला माझ्याकडे येतात, इतके आम्ही सारखे दिसतो. फरक एकच, त्याचा नंबर प्लसचा आणि माझा मायनसचा. स्वतःच्या काचा बदलायला वेळ कोणाला, म्हणून चष्मा असूनही त्याला जवळचं दिसत नाही, मला लांबचं दिसत नाही. म्हणूनच धंदा चालला असं तो म्हणतो. गिऱ्हाईक दारातून येताना त्याला दिसतं, आणि काउंटरशी आलं की मला दिसतं.

तर एक दिवस हा काचेची टाकी घेऊन आला. म्हणे, काच बसेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत बसतं, त्याला बघायला काहीतरी हवं. म्हटलं, अरे शहाण्या, ज्याचा चष्मा आपण काढून घेतलाय, त्याला मासे दिसणार कसे? तर म्हणाला, "रंग दिसेल." झालं! काउंटरच्या टोकाला टाकी आली, पंप आला, बुडबुडे आले, प्लास्टिकची एक कमान आली आणि दोन नारिंगी गोल्डफिश आले. एक प्लसच्या काचेसारखा मध्ये फुगीर, त्याचं नाव प्लस. दुसरा मायनसच्या काचेसारखा मध्ये बसका, डाव्या गालावर पांढरा डाग असलेला, त्याचं नाव मायनस. चष्मेवाले माशांना दुसरं काय नाव ठेवणार?

आणि मग सुरू झालं त्याचं. "बघ, बघ, भागीदार, कसा जीव आहे दोघांचा एकमेकांवर." खाणं टाकलं की प्लस पुढे, मायनस शेपटीएवढ्या अंतरावर मागे थांबणार. प्लसचं पोटभर झालं, तो बाजूला झाला, की मग हा तोंड घालणार. विश्रांती घ्यायची तर दोघं त्या कमानीखाली, अंगाला अंग लावून. प्लस काचेशी आला की मायनस काचेशी. मी काच घासता घासता म्हणायचो, "अरे, माशाला काय कळतं?" एवढंच. त्यापलीकडे मी त्या टाकीकडे ढुंकून बघत नव्हतो. माशाला काय कळतं? लोकांचं काय चाललंय ते मला कळत नाही, तर माशांचं मी कुठे घेऊन बसू!

मग भागीदाराच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. म्हणजे बघा, जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वतःच्या डोळ्यांत काय साठतंय याचा पत्ता नाही. त्याची मुलगी दुसऱ्या गावाला असते, ती येऊन घेऊन गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, डॉक्टरांनी बजावलंय, डोळ्याला पाणी लागता कामा नये. बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. बाबांच्या कानावर वाईटसाईट काही घालू नका." म्हटलं, नाही घालणार. मग हळूच म्हणाली, "आणि खरं सांगू का, मी त्यांना आता तिकडेच ठेवून घेणार आहे. या वयात रोज दुकान कशाला?" या वयात म्हणजे? त्याचं वय तेच माझं वय! तेवढ्यात हा मागून, आंधळ्यासारखा चाचपडत, पण आवाज खणखणीत, "छे छे, मला परत यायलाच हवं. माझे मासे आहेत तिथे." माझा भागीदार आहे तिथे असं नाही म्हणाला. तसं आम्ही एकमेकांना कधी म्हणत नाही. पण मी ते गाठीला बांधून ठेवलं, मासे आहेत तोवर हा परत येणार.

आणि तुम्हाला सांगतो, त्याच आठवड्यात प्लस गेला.

सकाळी शटर वर केलं, दिवा लावला, तर प्लस वर तरंगतोय, पोट आभाळाकडे. मी खुर्चीतच बसलो. एकतर माझ्या ताब्यात दिलेला मासा. त्यातून नाव प्लस. आणि प्लसचा नंबर असलेला माझा भागीदार तिकडे डोळा उघडा टाकून पडलेला. मी शकुन-अपशकुन मानणारा नाही हो, पण मनात पाल चुकचुकायची राहते का? काच उचलायच्या चिमट्यानं अलगद काढला, चष्मा पुसायच्या नव्या फडक्यात गुंडाळला आणि दारातल्या कुंडीत, मनीप्लांटच्या बुडाशी ठेवला. सायकलवाल्यानं विचारलं, काय पुरताय? म्हटलं, खत घालतोय.

पण खरी गोष्ट तिथून पुढची. मी टाकीकडे वळलो तर मायनस कमानीत शिरतोय. या बाजूनं शिरला, त्या बाजूनं बाहेर आला. वळला, परत शिरला. परत बाहेर. मग काचेच्या कडेकडेनं सगळी टाकी फिरला, वर गेला, खाली आला, दगड हुंगल्यासारखे केले आणि पुन्हा कमानीत. मी बघत राहिलो. म्हटलं, हा काय शोधतोय? खाणं टाकलं तर खाण्यापासून शेपटीएवढ्या अंतरावर जाऊन थांबला. थांबलाच. पुढे कोणी खाल्ल्याशिवाय आपण कसं खायचं, हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं! खाणं फुगलं, बुडालं, तळाला जाऊन बसलं, आणि हा आपला मागे थांबून आहे.

आता मला सांगा, माशाला काय कळतं?

नाही, म्हणजे खरंच विचारतोय. आजवर मी हे नुसतं म्हणत होतो, आता विचारायला लागलो. प्लस गेला हे याला कळलंय? की फक्त काहीतरी कमी आहे एवढंच कळतंय आणि काय कमी आहे ते कळत नाहीये? मी स्टूल ओढून टाकीसमोर बसायला लागलो. गिऱ्हाईक येई, खाकरे, जाई. नारिंगी रंगाची चष्म्याची डबी काचेला लावून बघितली, तर मायनसनं तिच्याकडे अशी पाठ फिरवली की मलाच लाज वाटली. घरी बायकोला सांगितलं, मासा जेवत नाही. ती म्हणाली, "अहो, माशाला काय कळतं? पाणी बदला." पाणी बदललं. मासेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, माशाला काय कळतं? दुसरा घेऊन जा." दुसरा आणला, चांगला टपोरा, उत्साही. त्याला टाकीत सोडलं मात्र, मायनस कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, नको असलेले पाहुणे आल्यावर माणूस आतल्या खोलीत जाऊन काहीतरी शोधत बसतो ना, तसा. नवा मासा दोघांचं खाणं एकटा खाऊन मजेत. मायनसची बरगडी दिसायला लागली. माशाला बरगडी दिसते की नाही मला माहीत नाही, मला दिसली. नव्याला परत नेऊन दिला.

आणि मला धडकी भरली. प्लस गेलाय, मायनस त्या वाटेवर आहे. दोन्ही गेले की टाकी रिकामी. टाकी रिकामी झाली की भागीदाराला परत यायला कारण काय? या काउंटरमागे मी एकटा, लांबचं न दिसणारा, दारातून कोण येतंय तेही कळणार नाही मला!

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक टाकीच्या बाजूला उभं राहून फ्रेम घालून बघत होतं. काउंटरवरचा आपला आरसा, मागे टेका असलेला, त्यानं तो बघून झाल्यावर टाकीच्या आखूड बाजूला, काचेकडे तोंड करून ठेवून दिला. मी सहज बघतो तर काय, मायनस कमानीतून सुसाट निघाला आणि आरशापुढे जाऊन थबकला! समोर एक नारिंगी. हा जरा डावीकडे, तोही जरा डावीकडे. हा तोंड उघडतो, तोही उघडतो. शेपूट काय हलतेय त्याची! मी धडपडत खाण्याची चिमूट टाकली. दोघं एकदम पुढे झाले आणि मायनसनं गपकन घास घेतला. गिऱ्हाईक म्हणालं, "कशी दिसतेय मला?" म्हटलं, "देखणी! जेवला बघा!" काय समजायचं ते त्यानं समजून घेतलं.

तेव्हापासून आरसा तिथे. हललाच नाही. काढला की मायनस पुन्हा कमानीत फेऱ्या घालायला लागतो, मग कोण काढणार? लोक आरसा मागतात, मी म्हणतो, मी आहे ना, मी सांगतो कसं दिसतं ते. एकदा आजोबा आणि नातू अशा दोघांना मी एकच फ्रेम छान दिसते म्हणून दिली.

पण मला राहून राहून एकच प्रश्न पडे. आरशातला हा याला कोण वाटतो? प्लस वाटतो? पण प्लस तर फुगीर होता, हा बसका. की याला कळतंय की हा प्लस नाही, पण निदान आपल्यासारखा कोणीतरी आहे, आपण थांबलो की थांबतो, निघालो की निघतो, तेवढं पुष्कळ आहे? तुम्हाला काय वाटतं? नाही, सांगा ना. मी सगळ्यांना विचारलं. सायकलवाला म्हणाला, तुम्ही जरा बाहेर हवेत बसत जा.

आणि मग आला भागीदाराचा फोन. फोन रोजच यायचा, "दोघं कसे आहेत?" "मजेत." झालं. खोटं बोलायची सवय नसते तेव्हा एका शब्दात बोलावं, चेहरा दिसत नसला की जमतं. पण त्या दिवशी चेहऱ्याचा फोन! एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा, मागे मुलगी फोन धरून. "दाखव बघू दोघांना." आली का पंचाईत! पण बघतो तर आरशापुढे मायनस, आरशात मायनस, म्हणजे टाकीत नारिंगी मासे दोन! मी फोन तिकडे फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "प्लस वाळला का रे?" म्हटलं, "पोट कमी करतोय. फार सुटलं होतं, तूच म्हणायचास." "आणि त्याच्या गालावर पांढरं काय आलंय?" म्हटलं, "उजेड पडलाय." "बरं," म्हणाला. फोन बंद झाला तसं मी आधी मायनसला आणखी एक चिमूट खाणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी घरी दाढी करतोय. माझा दाढीचा आरसा म्हणजे तो, ज्यात तोंड मोठं दिसतं, मायनसवाल्याला चष्मा काढल्यावर दुसरं काय परवडतं? आरशात बघतोय, माझं नाक केवढं, गाल केवढे... आणि वीज चमकली हो! अंतर्गोल आरसा! बसक्याला फुगीर करतो! आयुष्यभर ज्या विद्येवर भाकरी खाल्ली, ती ऐन वेळी का आठवू नये? तसाच आरसा काखेत मारून निघालो. बायको मागून, "अहो, अर्धी दाढी ठेवून कुठे निघालात?" म्हटलं, "प्लसला आणायला!"

तो आरसा टाकीला लावला आणि तुम्हाला सांगतो, प्लस आला. तोच तो, गोल, गुटगुटीत, मधोमध फुगलेला. मायनस आरशाशी आला आणि एकदम स्तब्ध झाला. आजवरच्या आरशासमोर नाचायचा, आता नाचला नाही. नुसता बघतोय. मी खाण्याची चिमूट टाकली. आणि मायनस... मागे सरला. शेपटीएवढा. आणि थांबला, आधी त्यानं खावं म्हणून.

इतके दिवस बारीक प्रतिमेबरोबर एकत्र जेवत होता, आणि जाड्या दिसला मात्र, मागे सरला. म्हणजे आठवत होतं त्याला! की नव्हतं? की नुसती अंगवळणी पडलेली सवय? पण मग आठवण आणि सवय यांत फरक काय, ते तरी कोण सांगणार? मी घरी जेवताना बायकोच्या आधी ताटाला हात लावत नाही, ते मी आठवून करतो का?

पण घोळ असा, की हा थांबला तर आरशातलाही थांबला! आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही. खाणं दोघांच्या मधून निवांत बुडालं. पुन्हा उपास! शेवटी मी तोडगा काढला, जेवायला सपाट आरसा आणि फोनला फुगवणारा आरसा. दिवसभर माझं हेच, हा काढ, तो लाव. जेवणाच्या वेळीच नेमक्या बाई आल्या, मग मी काय चुकीचं बोललो, जेवायलाच बसला होता ना आरसा!

संध्याकाळी भागीदाराचा फोन. मी फुगवणारा आरसा लावून सज्ज. "बघ, सुधारला की नाही प्लस?" तो म्हणाला, "वा. एका रात्रीत?" म्हटलं, "खाणं बदललं." सगळं कसं छान चाललंय, मायनस आरशाला चिकटून, प्लस गुटगुटीत, भागीदार एका डोळ्यानं हसतोय... आणि धाडकन दार उघडलं. बाई! "आरशाचं जेवण झालं का?" दाराचा आवाज ऐकून मायनस दचकला आणि सुटला तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला!

आता शाळेत जे शिकलोय ते आठवा. अंतर्गोल आरशापासून वस्तू लांब लांब नेली की काय होतं? मला आठवलं, पण उशिरा आठवलं. प्लस आधी भोपळ्याएवढा फुगला. मग धूसर झाला, सगळा आरसा नारिंगी. आणि मग उलटा झाला. पोट वर, पाठ खाली! सगळ्या जगात माशाचं पोट वर म्हणजे एकच अर्थ. फोनमधून भागीदाराचा आवाज आला, अगदी शांत. "भागीदार, प्लस उलटा झाला."

म्हटलं, "व्यायाम करतोय."

आणि बाई, माझ्या खांद्यावरून वाकून, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो, हा तर आरसा आहे!"

मी फोनकडे बघितलं. भागीदाराच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. घळाघळा. मागून मुलीचा आवाज, "बाबा, डोळा! डोळा!" आणि फोन बंद.

त्यानंतर मी फोन करतोय, कोणी उचलत नाही. पुन्हा करतोय, उचलत नाही. बाईंना चष्मा विकला, आरसा दिला, काय विकलं ते आठवत नाही. स्टुलावर बसलो आणि मायनसला म्हटलं, गेलं सगळं. मासा गेला, डोळा गेला, भागीदार गेला, आणि सगळं माझ्या हातानं. मायनस कमानीतून या बाजूनं शिरला, त्या बाजूनं निघाला. पहिल्यांदाच मला वाटलं, याला नेमकं काय होतंय ते मला ठाऊक आहे.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. दारातलं मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत आहे. एक धूसर आकृती, हातात पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. म्हटलं, या, बसा, नंबर आणलाय का? आकृती सरळ टाकीशी गेली, माझ्या शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली. जवळ आल्यावर दिसला. भागीदार!

मायनस आरसा सोडून काचेशी आला.

तो टाकीकडे बघतच म्हणाला, "प्लस केव्हा गेला?"

"तू गेलास त्याच आठवड्यात."

"कुठे ठेवलास?"

"दारातल्या कुंडीत."

त्यानं मान हलवली. मग मीच म्हटलं, "तुला कळलं केव्हा?"

"पहिल्याच दिवशी. दोन मासे एकदम तोंड उघडतात आणि एकदम मिटतात, एकाचा डाग डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे. अरे, मोतीबिंदू झाला होता मला, अक्कल नव्हती गेली."

"मग बोलला का नाहीस?"

आता हा काय म्हणाला असेल? म्हणाला, "तू इतकं मन लावून खोटं बोलत होतास. मला वाटलं, प्लस गेला हे तुलाच सोसवत नाहीये. मुलीला म्हटलं, काकाला काही बोलू नकोस, दुकानात एकटा आहे तो."

म्हणजे मी इकडे त्याला जपतोय, आणि तो तिकडे मला! दोन्हीकडून पट्टी! म्हटलं, "मग काल रडलास कशाला? डोळ्याचं काय झालं?"

"रडतोय कोण? हसून हसून पाणी आलं. मासा उलटा पोहतोय आणि तू म्हणतोस व्यायाम करतोय! डोळा ठीक आहे, सकाळी दाखवूनच निघालो. मुलगीच म्हणाली, बाबा, तुम्ही जा. काकांचं काही खरं दिसत नाही, त्यांच्याजवळ कोणीतरी हवं."

बघा! ज्या मुलीला बाप पाठवायचा नव्हता, तिनं स्वतः गाडीत बसवून दिला, का, तर मला वेड लागलंय म्हणून. माझी अब्रू गेली, पण भागीदार आला. भागीदारानं पिशवीतून कागद काढला, "हा घे, नव्या डोळ्याचा नंबर. काच घासून ठेव माझी." मी कागद डोळ्यांजवळ धरला. मायनस! प्लसचा मागमूस नाही. डोळ्यात नवी काच बसवली आणि याचा नंबर मायनसचा झाला. म्हणाला, "आता आपण दोघंही मायनस." म्हटलं, म्हणजे दारातून येणारं गिऱ्हाईक आता कोणालाच नीट दिसणार नाही.

तर अशी सगळी कथा आहे. आरसा तिथेच आहे, काढायचा नाही असं भागीदारानंही सांगितलंय. प्लसची चौकशी आता कोणी करत नाही, कुंडीतला मनीप्लांट मात्र छपरापर्यंत गेलाय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं दोन स्टुलं टाकून टाकीसमोर बसतो. तीच फ्रेम, तेच टक्कल, आता नंबरही तोच. मी चहाचा कप उचलला की तो उचलतो. मी मान तिरकी केली की त्याची तिरकी होते. मायनस काचेशी येतो, याच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा याच्याकडे बघतो. काल बराच वेळ असा बघत राहिला आणि मला एकदम कळलं, त्याच्या मनात काय चाललंय ते. तो म्हणत असणार, म्हातारा आहे एकच, बिचारा एकटा पडलाय... कोणीतरी दया येऊन शेजारी आरसा लावून दिलाय.

भागीदाराला सांगितलं. त्यानं विचार केला, कप खाली ठेवला. मीही ठेवला.

म्हणाला, "मग आपल्यातला खरा कोण?"

म्हटलं, "जाऊ दे रे. माशाला काय कळतं."